कोंडवाडा म्हणजे गोठा नव्हे

प्रिय सई,

व्हिडिओ कॉलवर तुझी लीड्सची खोली बघून आजी म्हणाली, "अगं, खोली आहे का कोंडवाडा?" आणि तू लगेच मला मेसेज केलास, की कोंडवाडा म्हणजे गोठाच ना? नाही गं. गोठा घरचा, तिथे गाय हक्काने बांधलेली असते. कोंडवाडा गावचा, आणि तिथे जनावर जातं ते आगळीक करून.

दुसऱ्याच्या उभ्या पिकात गुरं शिरली, की शेतकरी ती हाकत नेऊन कोंडवाड्यात घालायचा. आमच्या गावचा कोंडवाडा ग्रामपंचायतीला लागूनच होता. पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती, वर छप्पर नाही, कोपऱ्यात पाण्याची डोण आणि फाटकाला भलंमोठं कुलूप. मालकाने यायचं, दंड आणि चाऱ्याचे पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि जनावर सोडवून न्यायचं. दुभती म्हैस अडकली, की मालक संध्याकाळच्या धारेच्या आत पैसे घेऊन हजर. भाकड गाय असली, की त्याच माणसाला दोन-दोन दिवस सवड व्हायची नाही!

हे सगळं इंग्रजांनी 1871 साली कायद्याने बांधून दिलेलं. पकडलेलं जनावर 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. सात दिवसांत कोणी फिरकलं नाही, तर पोलीस ठाण्याला कळवायचं, नोटीस लावायची, दवंडी पिटायची. नोटिशीनंतर आणखी सात दिवस वाट बघून लिलाव. कोंडवाड्याकडे नेत असलेलं आपलंच जनावर मालकाने वाटेत दांडगाईने सोडवलं, तर तोही गुन्हा. त्या कायद्यातल्या गुरांच्या यादीत हत्ती आणि उंटही आहेत. आमच्या गावावर तशी वेळ आली नाही. तुमच्या यॉर्कशायरमध्येही काही गावांत असे जुने दगडी वाडे जपून ठेवलेत, त्यांना पिनफोल्ड म्हणतात. एखादा बघून ये.

मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. ज्वारी खाल्ली म्हणून शेजाऱ्यावर काठी उगारण्यापेक्षा त्याचा बैल पंचायतीच्या हवाली करावा आणि मोकळं व्हावं. अर्थात जुनं वैर काढायला कोणी बांधावर चरणारी गायही हाकून न्यायचं, आणि मग फाटकातच जुंपायची.

आत कोणाची म्हैस, कोणाच्या शेळ्या, कोणाचं शिंगरू, सगळं एकत्र. शेणात बसायलाही कोरडी जागा नाही. म्हणून दाटीवाटीच्या, कोंदट खोलीला कोंडवाडा म्हणतात. खच्चून भरलेल्या एसटीलाही म्हणतात. मात्र धनगर रात्री मेंढरं ज्या कुंपणात ठेवतात ते वाडगं. त्याला कोंडवाडा म्हणालीस तर त्यांना आवडायचं नाही.

शहरांत अजूनही पालिकेची गाडी रस्त्यावरची मोकाट जनावरं उचलून कोंडवाड्यात नेते. तिथे दंड भरायला आलेला प्रत्येक मालक सांगतो, "साहेब, आमची गाय कधी सुटतच नाही हो!"

तुझा,
बाबा