विशेषणं खोड, तारापोर साहेब दिसू देत

प्रिय मुली,

तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. खाली तू लिहिलंयस, 'सर, ज्यांना मी कधी पाहिलं नाही त्यांच्याबद्दल गहिवरून बोलणं मला खोटं वाटतं.' ते वाचून बरं वाटलं. मग वरची अडीच पानं पुन्हा वाचली आणि राग आला. 'महान', 'अद्वितीय', 'तेजस्वी'! अडीच पानांत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर एकदाही रणगाड्यात चढत नाहीत. अगं, तुझ्याकडे गहिवर मागितलाय कुणी? त्यांनी काय केलं ते सांग.

शिवछत्रपतींच्या सैन्यातल्या त्यांच्या पूर्वजापासून सुरुवात नको. पूर्वजाचा पराक्रम पूर्वजाचा. त्यापेक्षा हैदराबाद संस्थानच्या फौजेतला प्रसंग घे. हातबाँब फेकण्याचा सराव चाललाय. एका नवख्या शिपायाच्या हातून बाँब जवळच पडतो. तारापोर झेप घेतात, तो उचलतात आणि भिरकावतात. बाँब हवेत फुटतो, तुकडे त्यांच्या छातीत घुसतात. एवढं सांग आणि थांब. 'शूर' हा शब्द तुला उच्चारावा लागणार नाही.

मग थेट सप्टेंबर 1965, पाकिस्तानशी युद्ध. सियालकोट आघाडी, फिलोरा, पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे आणि त्यांचे हे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर. 11 तारखेला ते जखमी झाले. मागे हलवायचं ठरलं, त्यांनी नकार दिला. 14 ला वझीरवाली घेतलं. 16 ला बुतूर-डोग्रांदीच्या लढाईत ते गेले. वय 42. त्या लढायांत रेजिमेंटनं शत्रूचे साठेक रणगाडे मोडले, आपले नऊ गेले. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. आकडे सांगताना आवाज चढवू नकोस. मधल्या पाच दिवसांवर मात्र रेंगाळ. जखम अंगावर घेऊन हा माणूस रोज आपल्या पोरांच्या पुढे होता. जवानांचा जीव सीओवर का जडतो, हे त्या पाच दिवसांत आहे.

आणि तू गाळलेली गोष्ट! आपलं काही झालं तर काय करायचं, हे त्यांनी सोबतच्या मेजर साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. प्रार्थनेचं पुस्तक आईला, सोन्याची साखळी बायकोला, अंगठी मुलीला, ब्रेसलेट आणि फाउंटन पेन मुलाला. आणि दहन इथेच, रणभूमीवर. पारशांच्या परंपरेत दहन नसतं, आणि पारशी माणसाचं हे मागणं आहे, हे ध्यानात घे. ती इच्छा जवानांनी पाळली. हे सगळं एकेक वस्तू घेत, सावकाश वाच. विशेषण एकही नको.

माझं हे वेड नवं नाही. एका संस्थेनं 'सर, भाषणात भावना कमी पडते' असं म्हणून मला पुन्हा बोलावलं नाही. मी तेव्हाही बधलो नाही आणि आज तर मुळीच बधणार नाही. साहेबांच्या तोंडी टाळ्या घेणारी वाक्यं घालून सभा जिंकता येते, पण मग ऐकणाऱ्यांना आठवतो तो वक्ता. तारापोर साहेब बाजूलाच राहतात. भावना कमी पडत असेल तर ती माझी पडू दे.

एक इच्छा मात्र राहून गेली, तिची खंत आहे. नाव पूना हॉर्स असलं तरी रेजिमेंटचे जवान राजपूत, जाट, कायमखानी मुसलमान. तरुणपणी राजस्थानात गावोगाव जाऊन त्या लढाईतल्या दफेदारांना, म्हणजे रणगाडा दलातल्या हवालदारांना, गाठायचं मनात होतं. साहेब चहा कसा घेत, चिडले की काय म्हणत, नव्या पोराला कसं सांभाळून घेत, हे त्यांनाच ठाऊक. नोकरी, संसार, रजा नाही. आता ती पिढी सरली. तू मात्र तुझ्या गावातल्या निवृत्त सुभेदारांकडे याच आठवड्यात जा. त्यांचे साहेब वेगळे असतील, चालेल. 'तुमचे साहेब रोज काय करायचे?' एवढंच विचार आणि वही काढ. 'साहेब देवमाणूस होते' म्हणाले तर मान डोलावून थांबू नकोस. देवमाणसानं केलं काय, ते विचार.

नवा मसुदा 16 सप्टेंबरच्या आधी दाखव. लाल पेन घेऊन बसतो.

तुझे,
सर