आधी तंबूपाशी जा

प्रश्न : मी मिशिगनमध्ये मुलाकडे राहते. शेजारीण दोन मुलांना एकटीनं वाढवतेय. घरातला किराणा 'स्नॅप'च्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या (पूर्वीच्या फूड स्टॅम्पच्या), कार्डावर येतो. शनिवारच्या शेतकरी बाजाराला चल म्हटलं की म्हणते, "तो पैसेवाल्यांचा बाजार." तिला कसं पटवू?

उत्तर : ताई, पटवू नका. एकदा सोबत न्या.

मी मिशिगनमधल्याच एका बाजारात माहितीच्या तंबूत आठ उन्हाळे बसतेय. ताज्या भाजीचे फायदे ऐकून आलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. माणसं अडतात ती कार्डापाशी. कागदी कुपनं होती तेव्हा ती थेट शेतकऱ्याच्या हातात देता यायची. 2004 पर्यंत सगळ्या राज्यांत कुपनांच्या जागी कार्ड आलं, आणि उघड्या मैदानात कार्डाच्या मशीनला ना वीज, ना फोनची लाइन. बरेच बाजार या गिऱ्हाइकाला मुकले.

त्यावरचा तोडगा म्हणजे आमचा तंबू. सगळ्या बाजारात मिळून मशीन एकच. कार्डावरून 10 डॉलर स्वाइप केले की तेवढी लाकडी टोकनं हातात पडतात. शिवाय 2009 मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेली 'डबल अप फूड बक्स' योजना तुमच्या बाजारात असेल, तर आणखी 10 डॉलर वरचे. ते मात्र फळं-भाज्यांनाच चालतात. स्नॅपच्या टोकनांवर ब्रेड, अंडी, मध, इतकंच काय, टोमॅटोची रोपंही घेता येतात. फुलं, साबण, गरम खाणं नाही. टोकनाला सुट्टे परत मिळत नाहीत, म्हणून सव्वातीन डॉलरचा हिशेब झाला की आमचे शेतकरी सरळ चार बटाटे वर टाकतात.

माझ्या पहिल्याच वर्षी एक बाई टोकनं मुठीत धरून वीस मिनिटं उभी होती. शेवटी परत घेऊन आली. "लोक बघतात," म्हणाली. आता आम्ही क्रेडिट कार्डवाल्यांनाही टोकनंच देतो. रंग वेगळा असतो, पण मुठीतला रंग कोण बघतंय?

बाजार महाग, हे तुमच्या शेजारणीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जूनमधल्या स्ट्रॉबेरीचा भाव बघून मीही पुढे सरकते. म्हणून पहिल्यांदा ऑगस्टमध्ये न्या. तेव्हा टोमॅटो आणि कणसांचे ढीग असतात. डागी टोमॅटोंची पेटी वेगळी ठेवलेली असते, पण ती मागावी लागते. सॉसला तीच घ्यावी. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, तर 'विक'च्या, म्हणजे आया आणि लहान मुलांच्या सरकारी पोषण योजनेच्या, दवाखान्यात शेतकरी बाजारात चालणाऱ्या 'प्रोजेक्ट फ्रेश'च्या कुपनांची चौकशीही करायला सांगा. ती मोजकीच असतात, लवकर संपतात.

आणि हो, तंबूपर्यंत सोबत जा, पुढे पिशवी तिच्या हातात राहू द्या. कौतुकानं स्वतःची पर्स तेवढी उघडू नका.