वाचक विचारतात : क्रिस क्रिस्टॉफरसन

प्रश्न : क्रिस्टॉफरसनला गीतकार म्हणावं की नट? त्याची गाणी बहुतेक दुसऱ्यांच्याच आवाजात ऐकली आहेत.

उत्तर : आधी गीतकार. १९३६ साली टेक्सासमध्ये जन्मलेला हा माणूस ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला साहित्य शिकला, मग लष्करात हेलिकॉप्टर चालवत होता. १९६५ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवण्याची संधी सोडून तो कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला गेला आणि कोलंबिया या तबकडी कंपनीच्या स्टुडिओत झाडू मारू लागला. पुढे लुइझियानालगतच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरने माणसं पोचवता पोचवता त्याने आपली काही उत्तम गाणी रचली. ‘मी अँड बॉबी मगी’ १९६९ मध्ये गायक रॉजर मिलरने गायलं. याच गाण्याची रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनची तबकडी तिच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. क्रिस्टॉफरसनचा स्वतःचा आवाज खरखरीत, पण शब्दांचा अर्थ त्यातच जास्त नीट पोचतो, असं आमचं मत आहे.

प्रश्न : गाणं दुसऱ्याने गायलं, तर गीतकाराला काय मिळतं?

उत्तर : अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी गाणं रचणाऱ्याला आणि प्रकाशकाला (गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) जाते, गायकाला नाही. तबकडीवर १९७७ अखेरपर्यंत कायद्याने दर प्रतीमागे, दर गाण्याला २ सेंट ठरलेले होते. १ लाख प्रती खपल्या तर २००० डॉलर, आणि रिवाजाने त्यातले निम्मे प्रकाशकाचे. सहगीतकार असेल तर उरलेल्याचेही वाटे. ‘बॉबी मगी’वर तबकडी-निर्माता फ्रेड फॉस्टरचंही नाव आहे, कारण शीर्षकाची कल्पना त्याची. तबकडीच्या मागच्या बाजूच्या गाण्यालाही हाच दर, म्हणून तिथे जागा मिळवायलाही गीतकार धडपडत. नव्या गायकाने तेच गाणं मुद्रित केलं की नवी कमाई.

प्रश्न : त्याचे कोणते सिनेमे पाहावेत?

उत्तर : ‘अ स्टार इज बॉर्न’ने (१९७६) त्याला गोल्डन ग्लोब दिलं, तरी सुरुवात ‘लोन स्टार’पासून (१९९६) करा; त्यातला त्याचा क्रूर शेरिफ अंगावर येतो. ‘हेव्हन्स गेट’ (१९८०) पाहताना लांबी तपासून घ्या. सुमारे ४४० लाख डॉलर खर्चून केलेला हा सिनेमा २१९ मिनिटांचा होता. पहिल्याच खेळानंतर झालेल्या टीकेमुळे तो मागे घेतला आणि १९८१ मध्ये १४९ मिनिटांवर आणला. त्या कापाकापीत पात्रांचे संबंधच उमगत नाहीत. २०१२ मध्ये दुरुस्त केलेली २१६ मिनिटांची प्रत मिळवा.