क्लाउडच्या काळात सिस्टिम ॲडमिनने डीएफ, ग्रेप, ऑक शिकण्यात वेळ घालवावा का?

आपण विचारले आहे की, कॉलेज संपत आले असताना कमांड लाइनवरची जुनी साधने (डिस्क किती भरली ते दाखवणारा डीएफ, मजकुरातून ओळी शोधणारे ग्रेप, ओळींतले रकाने वेचणारे ऑक) शिकावीत, की थेट क्लाउडचे प्रमाणपत्र मिळवावे. हाच प्रश्न आमच्या साहेबांनी भर बैठकीत मला टोमणा म्हणून विचारला होता, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी तेव्हा बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळत असे. एका रात्री घरी, दांडिया बाजारात, सेव-उसळीचा पहिला घास घेतला आणि फोन आला: डिस्क शंभर टक्के भरली, डेटाबेस अडला. मी पोहोचेपर्यंत नुकतेच प्रमाणपत्र घेतलेल्या सहकाऱ्याने ४० जीबीची लॉग (नोंदींची) फाइल पुसून टाकली होती. तरी डीएफ शंभरच दाखवत होता आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र त्याहून ४० जीबीने कमी येत होती. सर्व्हर बंद करून चालू करायचा, असे साहेबांनी ठरवूनही टाकले होते, म्हणजे रात्रपाळीचे उत्पादन थांबणार होते.

पुसण्याची कमांड आरएम खरे तर फाइल पुसत नाही, तिचे नाव पुसते. डिरेक्टरीतील नोंद म्हणजे केवळ नाव आणि मूळ फाइलकडे नेणारा दुवा, हे युनिक्सचे (लिनक्स ज्या धर्तीवर बनले त्या प्रणालीचे) जनक थॉम्पसन आणि रिची यांनी १९७४ च्या युनिक्सवरील निबंधातच लिहून ठेवले आहे. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) फाइल उघडी धरली असेल, तर शेवटचे नाव गेल्यावरही तिचे डिस्कवरचे ब्लॉक, म्हणजे जागा, सुटत नाहीत. डीयू नावांवरून मोजतो म्हणून त्याला ती दिसत नाही, डीएफ थेट फाइल सिस्टिमला विचारतो म्हणून जागा भरलेलीच दाखवतो. दुवे शून्य झालेल्या पण उघड्या असलेल्या फाइली मी उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफने काढल्या, तर पहिल्याच ओळीत आमची सर्व्हिस आणि टोकाला कंसात ‘डिलीटेड’. ती सर्व्हिस थांबवली असती तरी जागा सुटली असती, पण मशिनींच्या नोंदी तिच्यावरच येत होत्या. म्हणून प्रॉकमधल्या (चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या) तिच्या एफडीतून, म्हणजे उघड्या फाइलीच्या क्रमांकातून, ती फाइल रिकामी केली, आणि डीएफ ६१ वर उतरला. (प्रोसेसने फाइल अपेंडमध्ये, म्हणजे नेहमी शेवटी जोडत जाण्यासाठी, उघडली नसेल, तर ती जुन्याच ऑफसेटपासून (आधी जिथवर लिहिले होते तिथून) पुढे लिहिते आणि आकार फसवा मोठा दिसतो, जागा मात्र तितकी जात नाही.)

पुढच्या बैठकीत कौतुक झाले ते नव्या डॅशबोर्डचे, ज्याने डिस्क भरल्याची सूचना दिली होती, अर्थात, भरल्यावर.

तेव्हा माझे मत सरळ आहे: आधी फाइल, प्रोसेस आणि परवानग्या, मग बाकी सारे. ग्रेप १९७३ चे, ऑक १९७७ चे, आणि दोन्ही आजही रोज लागतात. क्लाउडमधला कंटेनर म्हणजे तरी काय, नेमस्पेस (प्रोसेसला काय दिसेल ते ठरवणारी सोय) आणि सीग्रुपने (ती किती संसाधने वापरेल ते ठरवणारी सोय) वेगळी केलेली लिनक्सची प्रोसेसच. त्यातही पुसलेली उघडी फाइल हाच खेळ करते. हे त्या दिवशी साहेबांना सांगायचे राहून गेले.

मात्र ऑकमध्ये दोनशे ओळींचा प्रोग्रॅम लिहीत बसू नका, त्यासाठी पायथन आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचायला प्रमाणपत्र लागते, तेही घ्या. आणि आमच्या त्या लॉगसाठी लॉगरोटेट (जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढून पुसणारे साधन) लावण्याचे काम माझ्याकडेच होते, जे मी चार महिने पुढे ढकलत आलो होतो.