गाठ अजून दिसतेय, मग उपचार फुकट गेला का?

दांडिया बाजारात राहणाऱ्या एक ताई सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आल्या. ताईंचं वय ४३, गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ. एम्बोलायझेशन, म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार, होऊन तीन महिने झाले होते आणि एमआरआयचा रिपोर्ट हातात होता. "८.१ची गाठ ६.६ झाली. दीड सेंटिमीटरसाठी एवढा खर्च?"

या उपचारात गाठ कापून काढत नाहीत. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांत सूक्ष्म कण सोडतात. रक्तपुरवठा तुटला की गाठ मरते, पण जागेवरच राहते आणि हळूहळू आक्रसते.

मग दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून कागदावर गणित मांडलं. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ०.५२ने गुणायचं. आधीची गाठ ८.१ × ७.४ × ६.९, म्हणजे सुमारे २१५ मिली. आताची ६.६ × ६.० × ५.६, म्हणजे ११५. जवळजवळ निम्मी! ताईंनी मोबाइलवर पुन्हा करून पाहिलं, तेच आलं. एकच माप वाचलं की अशी फसगत होते. एकदा सोनोग्राफी, एकदा एमआरआय अशी तुलना केली तरीही होते.

सासूबाईंची धास्ती वेगळी होती. रिपोर्टमध्ये 'हिमोरेजिक' शब्द होता. "बाई, आत रक्त वाहतंय का हिच्या?" नाही. मेलेल्या गाठीत जुनं रक्त साकळलेलं असतं, ते काही चित्रांत पांढरं उमटतं. उपचारानंतर हे अपेक्षितच आहे.

खरी ओळ रिपोर्टच्या खालच्या बाजूला होती: कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, दिल्यावर मोठ्या गाठीत 'एन्हान्समेंट नाही', म्हणजे ती चमकली नाही. औषध पोचलं नाही, कारण रक्तच पोचत नाही. आकारापेक्षा हे वाक्य मोलाचं. गाठ थोडीच आक्रसली पण पूर्ण मेली असेल, तर ती सहसा पुन्हा वाढत नाही. पुष्कळ आक्रसली पण एक कोपरा जिवंत राहिला, तर तिथूनच वाढू शकते.

ताईंच्या गर्भाशयाच्या मागच्या बाजूला आणखी एक २ सेंटिमीटरची गाठ होती, तिची एक कड अजून चमकत होती. कधी कधी बीजाशयाच्या धमनीतूनही गाठीला रक्त मिळतं आणि ती वाट उघडी राहते. लगेच पुन्हा काही करायचं कारण नव्हतं. पाळीत आधी दिवसाला दहा पॅड लागायचे, आता चार. हिमोग्लोबिनही वर आलेलं.

फाइलच्या मागे डॉक्टरांसाठी दोन प्रश्न लिहून घेतले: ती कड किती टक्के जिवंत आहे? पुढचा एमआरआय त्याच सेंटरवर, कॉन्ट्रास्टसह, कधी? त्याखाली लाल पेनाने लिहिलं: ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढतं पोटदुखणं किंवा मांसाचा तुकडा पडणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

"मग ही गाठ पूर्ण जाणार कधी?" सासूबाईंनी उठता उठता विचारलं. बहुधा जाणार नाही. वर्षानुवर्षं लहानसा वण राहील, कधी त्यात चुना (कॅल्शियम) साठेल आणि सोनोग्राफीत तो दिसत राहील.