जुन्या मृत्युपत्रांतून गुलामगिरीबद्दल काय कळतं?

पुष्कळ कळतं, आणि वाचताना पोटात कालवतं. अमेरिकेतल्या जुन्या मृत्युपत्रांत माणसं जमीन, घोडे, भांडीकुंडी यांच्या बरोबरीनं वाटली जातात. आई एका वारसाकडे, लेकरू दुसऱ्याकडे.

जॉर्ज वॉशिंग्टनचं १७९९ चं मृत्युपत्र बघा. तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन मळ्यावर ३१७ गुलाम होते, पण त्याच्या स्वतःच्या मालकीचे १२३. पत्नी मार्थाच्या मृत्यूनंतर त्यांना मुक्त करावं, असं त्यानं लिहिलं. विल्यम ली या सेवकाला तेवढी लगेच मुक्ती मिळाली, शिवाय वर्षाला ३० डॉलर. उरलेल्यांपैकी १५३ जण मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. त्यांना मुक्त करायचा कायदेशीर अधिकार दोघांनाही नव्हता.

खरी वेदना इथंच आहे. दोन्ही गटांतल्या माणसांची आपसांत लग्नं झाली होती, आणि वॉशिंग्टनला ते ठाऊक होतं. मृत्युपत्रातच तसा उल्लेख आहे. मार्थानं १ जानेवारी १८०१ ला त्याच्या गुलामांना मुक्त केलं. १८०२ मध्ये ती गेल्यावर पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले गुलाम तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. मूल आईच्या दर्जाचं, असा कायदा होता. त्यामुळे कित्येक घरांत बाप मुक्त, बायको-मुलं मात्र गुलामच राहिली.