युद्धाला 'जबाबदार' की 'कारणीभूत'?

प्रश्न असा आहे: २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धावर लिहिताना 'जॉर्जिया या युद्धाला जबाबदार होता' म्हणावं की 'कारणीभूत होता'? दोन्हींचा अर्थ एकच नाही का?

नाही. पावसामुळे दरड कोसळली तर पाऊस कारणीभूत असतो, जबाबदार नसतो. पावसाला जाब कोण विचारणार? 'जबाबदार'मधला जबाब म्हणजे पोलीस नोंदवून घेतात तोच. ज्याला उत्तर द्यावं लागतं तो जबाबदार. 'कारणीभूत' म्हणजे नुसता 'कारण झालेला'. 'अपघाताला खड्डे जबाबदार' असं बातम्यांत खुशाल छापतात आणि ते खपतंही (खड्ड्यांनी उत्तर दिलं तर बरंच होईल). या युद्धाबद्दल लिहिताना मात्र ते खपू नये.

युरोपीय संघाने स्विस मुत्सद्दी हायडी ताल्याविनी यांच्याकडे चौकशी सोपवली होती. ३० सप्टेंबर २००९ ला आलेल्या अहवालानुसार, ७ ऑगस्ट २००८ च्या रात्री जॉर्जियाने, त्याच्यातूनच फुटून निघालेल्या दक्षिण ओसेतिया या प्रदेशातल्या त्स्खिनवाली शहरावर तोफा डागल्या तिथून उघड युद्ध सुरू झालं, आणि त्या माऱ्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार नव्हता. पण त्याआधी कितीतरी काळ चिथावण्या आणि चकमकी चालल्या होत्या, रशियाने तिथल्या लोकांना घाऊक भावात आपलं नागरिकत्व वाटलं होतं, हेही त्यात आहे. शिवाय तिथे असलेल्या आपल्या शांतिसैनिकांचा बचाव करण्यापलीकडे जाऊन रशियन फौजा जॉर्जियात खोलवर घुसल्या, त्याचंही समर्थन अहवाल करत नाही. मॉस्को आणि त्बिलिसी (जॉर्जियाची राजधानी), दोघांनी आपापल्या सोयीचं पान वाचून दाखवलं.

एवढा गुंता एका 'जबाबदार'मध्ये कोंबायची गरज नाही, मराठीत शब्द पुष्कळ आहेत. 'युद्धाला तोंड फुटलं' म्हटलं की कर्ता गायब होतो. 'तोंड फोडलं' म्हटलं की नाव घ्यावंच लागतं. इथे ते जॉर्जियाचं. आधीच्या खोड्यांना 'कुरापती', आणि त्या दोन्हीकडच्या. चौकशीअंती अधिकृतपणे येतो तो 'ठपका', आणि तो दोघांवरही आला. 'खापर' मात्र टाळा. खापर फोडलं म्हणताच ते चुकीच्या डोक्यावर फुटलं, असा वास येतो.

जाता जाता, तुमच्या मसुद्यात दक्षिण ओसेतियाला 'फुटीर प्रांत' म्हटलंय, तेही बदला. आपल्याकडे फुटीर म्हणजे पक्ष बदललेला आमदार. शब्दातच शिवी आहे. रशियाने २६ ऑगस्ट २००८ ला दक्षिण ओसेतियाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, तर जॉर्जिया आणि जगातले बहुतेक देश त्याला जॉर्जियाचाच भाग मानतात. 'फुटीर' लिहिलंत की तुम्ही त्बिलिसीच्या बाजूला गेलात, 'स्वतंत्र' लिहिलंत की मॉस्कोच्या. 'जॉर्जियातून फुटून निघालेला प्रदेश' लांब आहे खरा, पण मी तोच ठेवीन.